आक्काची कुरकुर

शिलाईचं दुकान चालवणाऱ्या आक्काकडे मतं भरपूर, आणि ती फुकट वाटायची हौस त्याहून मोठी. गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप गुंडाळला की हिचं तोंड सुरू. "पोट कुणाचं? तिचं. मग मूल ठेवायचं की नाही ते तीच ठरवेल. बाकीच्यांनी कशाला नाक खुपसायचं?" बायका माना डोलवायच्या. कमरेला टेप असताना दुसरं करणार तरी काय!

दुसरी सवय कुरकुरीची. धाकटा भाऊ डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेला. आईवडील गेल्यापासून हिच्याकडेच, आता चाळिशीला टेकलेला. दुकानात तो बटणं रंगाप्रमाणे वेगळी करत बसायचा. "हे ध्यान माझ्याच गळ्यात पडायचं होतं. जीव खाल्ला मेल्यानं," असं आक्का दिवसभर म्हणायची आणि म्हणता म्हणता त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढून द्यायची. तोही खुशाल हसायचा.

एका दुपारी तिची गरोदर मुलगी दवाखान्यातून थेट दुकानात आली. तपासणीत कळलं होतं, बाळ मामासारखंच होणार.

"मी नाही ठेवणार, आई. परवा माझ्याबरोबर चल."

"तुझं तू ठरव," आक्का म्हणाली. वाक्य तोंडपाठ होतं म्हणून निभावलं. पण कात्री काही सरळ चालेना. "का गं पण?" शेवटी खुपसलंच तिनं नाक.

"तुला लहानपणापासून बघतेय. रोज म्हणतेस, जीव खाल्ला. मला नाही झेपणार ते."

आक्कानं कात्री खाली ठेवली. अगं, ती नुसती तोंडाची सवय! हा नसता तर हे घर खायला उठलं असतं, हे तिला सांगायचं होतं. पण सांगितलं तर पोरीच्या डोक्यावर धोंडा ठेवल्यासारखं. आणि जन्माला पुरेल इतकं व्याख्यान तर तिनंच झोडलेलं.

"खरं सांग, आई. दमलीस ना त्याचं करून?"

आक्कानं भावाकडे पाहिलं. तो पांढरी बटणं निवडत होता.

"दमले गं," ती म्हणाली. इतकं अवघड खोटं ती आजवर बोलली नव्हती.

भावानं बटणं बाजूला सारली. स्वतःचं स्टूल उचलून तिच्यामागे आणून ठेवलं.

"बस, आक्का," तो म्हणाला.

आक्का बसली आणि परवा किती वाजता निघायचं ते तिनं मुलीला विचारलं.