काकांनी वरघोड्याला दिलेली घोडी

आमच्या काकांना घोड्यांतलं सगळं कळत असे. निदान ते तसं म्हणत. आजोबा बडोदे संस्थानच्या पागेत दाणावैरणीचे कारकून होते. तेवढ्या भांडवलावर काका तरसालीतल्या आमच्या सोसायटीत असे वावरत, जणू संस्थानातलं प्रत्येक शिंगरू यांच्याच मांडीवर वाढलं. प्रत्यक्षात ते जन्मात एकदाच घोड्यावर बसले आणि तेही शेपटीकडे तोंड करून, असं माझे वडील सांगत. वडील खोटं बोलत असतील. मला ते खरं हवं आहे.

घोडी माझी होती. तांबडी, तिरसट आणि आमच्या सबंध खानदानाहून शहाणी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा मुक्काम. त्या वर्षांत बडोद्यात जो उठे तो जमीन खणत असे. कुणी टेलिफोनसाठी, कुणी केबलसाठी, कुणी फ्लॅट बांधायला. खणणारे हजार, बुजवणारा एक नाही! अशाच एका उघड्या चरात तिचा पुढचा डावा पाय गेला, नस ताणली आणि माझी वाऱ्याशी पैज लावणारी घोडी कित्येक महिने शेडमध्ये भिंतीला तोंड लावून उभी राहिली. ज्याने तो चर खणला त्याला मी अजून शोधतो आहे.

पादरा गावाहून जनावरांचे डॉक्टर येत. एकदाचे ते म्हणाले, "आता पाठीवर बसायला हरकत नाही. पण फक्त चालवायचं. मऊ जमिनीवर, सरळ. डांबर नको, गोल फिरवणं नको. आता पुन्हा नस दुखावली, तर ही घोडी विसरा."

काका शेजारी चहाची बशी घेऊन उभे होते. डॉक्टरांना हे सगळं आपणच सांगून ठेवलंय अशा थाटात मान डोलवत होते.

कारखान्यात जाण्याआधी रोज सकाळी मी तिच्यावर बसून तिला मागच्या शेतात नेऊ लागलो. इतकं हळू की देवळातून परतणाऱ्या म्हाताऱ्या आम्हाला मागे टाकून जात आणि वळून "जय श्रीकृष्ण" म्हणत. घोडी चिडायची. मीही चिडायचो. पण माझे कान सगळे खाली, तिच्या पावलांकडे. चारही पावलांचा आवाज हळूहळू सारखा होऊ लागला होता. सोमवारी डॉक्टर येणार होते. सगळं ठीक दिसलं तर थोडी दुडकी चाल चालवायची परवानगी मिळणार होती.

शनिवारी संध्याकाळी कारखान्यातून आलो, तर शेड रिकामी. काका हिंचक्यावर झुलत.

"काका, घोडी कुठंय?"

"वरघोड्यात. समोरच्यांच्या मुलाचं लग्न ना, त्याच्या वरातीत! ठरवलेला घोडेवाला आयत्या वेळी आलाच नाही. नवऱ्या मुलाचे वडील हात जोडून दारात उभे. नाही कसं म्हणणार?"

"अहो, ती लंगडी आहे!"

"होती. आणि डॉक्टर काय म्हणाले? पाठीवर माणूस बसवून हळू चालवा. वरघोड्याहून हळू या पृथ्वीवर काही चालतं का? सांग ना! उलट तुझी उद्याची मेहनत वाचवली मी."

त्या क्षणी खून झाला नाही, याचं श्रेय आईला. तिनं माझ्या हाताजवळचा अडकित्ता उचलून आत नेला.

स्कूटर काढली. वरघोडा शोधावा लागला नाही. त्या बॅंडच्या आवाजाने पार पाणीगेटच्या दरवाजाचा चुना गळला असेल. मोठ्या रस्त्याच्या वळणावर गाठलं. खाली डांबर, वर वरराजा. वरराजा कसला, फेटा बांधलेलं लोखंडी कपाट! आणि व्हिडिओवाल्याच्या दिव्यासमोर कुणीतरी टोणगा लगाम धरून माझ्या घोडीला गरगर फिरवत होता. "घोडी नचावो! घोडी नचावो!" डावा पाय टेकला की ती डोकं वर झटकत होती. सगळे टाळ्या वाजवत होते. त्यांना तो नाच वाटत होता.

मी लगाम हिसकावला. "उतरवा याला!"

"अरे भाई, मांडवा पहेलां न उतराय!" वरराजाची आत्या ओरडली. "अपशुकन थशे!"

"मावशी, हिचा पाय मोडला तर तो शकुन आहे का?"

बॅंड थांबला. पन्नास माणसं माझ्या अंगावर आली. मी पाचशे म्हणतो, पण पन्नास होती. तेवढ्यात वरून, नारळ छातीशी धरलेल्या वरराजाचा बारीक आवाज आला, "भाई, उतारी लो ने. चढ्यो त्यारथी मने बीक लागे छे." चढल्यापासून बिचारा घाबरलेला होता.

त्याला माझ्या स्कूटरवर त्याच्याच एका मित्राच्या मागे बसवला. वरघोडा पुढे गेला आणि मी घोडीला कडेच्या मातीतून पायी घरी आणलं. पाय तव्यासारखा तापला होता. नळी लावून गार पाणी सोडत राहिलो आणि प्रत्येक धारेबरोबर काकांना एक विशेषण बहाल केलं.

सोमवारी डॉक्टरांनी पाय चाचपला. मग म्हणाले, "नस तुटली नाही, नशीब तुमचं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. इतकी घाई कशाला केलीत?"

"मीही याला हेच सांगत होतो," काका म्हणाले.

हेच सांगत होते! त्या घरात मी त्या दिवशी जेवलो नाही. घोडीही जेवली नाही, पण तिचा राग माझ्यावर होता.

पुन्हा उभं राहणं, पुन्हा हातात दोरी धरून चालवणं, पुन्हा म्हाताऱ्यांचं जय श्रीकृष्ण. मधल्या काळात शेताचा अर्धा तुकडा बिल्डरने गिळला. उरलेल्यात एका सकाळी मी तिला दुडकीवर घातलं. काका सोसायटीतली चार माणसं जमवून कडेला उभे होते.

"पाहिलंत?" त्यांचा आवाज शेतभर पोचत होता. "आमच्या पागेतली जुनी रीत आहे ही. वरघोड्यात एकदा पाय मोकळा केला की घोडी सुधारलीच!"

मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांतल्या शिव्या एकदम घशाशी आल्या. पण हात आवळला की राग लगामातून थेट घोडीच्या तोंडात जातो आणि तिची चाल बिघडते. म्हणून हात लोण्यासारखे मऊ ठेवले आणि शिव्या फक्त तोंडाने दिल्या, दुडकीच्या तालावर, दर पावलाला एक. काकांचं भाग्य की त्यांना ऐकू गेल्या नाहीत. घोडीने मात्र कान माझ्याकडे वळवले होते आणि डोकं न झटकता, सरळ, सारखी पावलं टाकत होती.