शिडीवाल्या बाईंचा आंबा

तुळसा कळंबटे यांना शाळेत सगळे शिडीवाल्या बाई म्हणत. पूर्णगडच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका वाडीत ही शाळा. बाई नववी-दहावीला विज्ञान शिकवत. आनुवंशिकतेचा धडा आला की फळ्यावर डीएनएची शिडी काढत, दोन रंगांच्या खडूंची, पिळलेली, वरपासून खालपर्यंत. तास संपला तरी ती पुसायला कोणी धजत नसे. मराठीचे सर उरलेल्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कविता लिहून घेत.

प्रयोगशाळा होती. पण समुद्राची हवा लोखंडाला सोडत नाही. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू एका पावसाळ्यात अडकला तो अडकलाच. स्टँड हातात धरला की तळव्यावर तांबडा डाग राही. हळूहळू बाईंचं विज्ञान फळ्यावर आलं आणि तिथेच राहिलं. त्याचं त्यांना रोज वाईट वाटे असं नाही. घरात एखादी खिडकी फुगून बसते. आधी आपण ती ढकलून बघतो, मग तिकडे हात न्यायचंच सोडतो.

निवृत्तीचं वर्ष लागलं आणि नववीतल्या सानिका डोर्लेकरने विचारलं, "बाई, तुमी पाह्यलाय?"

"काय?"

"ह्यो. डीएनए."

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "तुज्या बापाच्या जाळ्यात गावला तर आण गो."

बाईंनी खडू खाली ठेवला. "नाही," त्या म्हणाल्या. "मी नाही पाहिलेला."

सानिकाने नुसती मान हलवली. तिचा बाप बोटीवर, आजी मासे खारवणारी. त्यांच्या घरात कल्ला उघडून बघितल्याशिवाय मासा कोणी घेत नाही. तिने सरळ विचारलं होतं आणि सरळ उत्तर मिळालं होतं. बाईंना मात्र ते उत्तर घरापर्यंत पुरलं. जेवताना आठवलं, अंथरूण घालताना आठवलं. इतकी वर्षं आपण एका गोष्टीचं चित्र काढत आलो, त्या चित्राला गुण देत आलो, आणि ती गोष्ट एकदाही समोर आली नाही. निवृत्त होण्याआधी ती एकदा बघायची, आणि विचारणारीच्या देखत बघायची, असं त्यांनी ठरवलं.

त्यांचे यजमान आत्माराम मुंबईत नोकरीला. फोनवर म्हणाले, "निवृत्तीची साडी कुठली घेऊ?"

"साडी राहू दे. येताना स्पिरिट आणा. औषधाच्या दुकानातलं, मिळेल तेवढं कडक."

त्यांनी 'स्पिरिट?' असं दोनदा विचारून घेतलं. मग, "तुळसे, बरी आहेस ना?"

आत्माराम बाटली घेऊन आले. कृती सोपी होती. फळाचा गर कुस्करायचा, त्यात पाणी, मीठ आणि भांड्यांचा साबण घालायचा, गाळायचं, आणि वरून गार स्पिरिट हलकेच सोडायचं. मग दोन थरांच्या मध्ये पांढरे तंतू वर येतात. बाईंची अट एकच होती. स्पिरिट वगळता सगळं मुलांच्या घरून यायला हवं, म्हणजे नंतर त्यांना घरीही करता येईल.

मुख्याध्यापक नितेश सर हे एकेकाळी बाईंचेच विद्यार्थी. शिडी काढून पैकीच्या पैकी मिळवलेले. ते म्हणाले, "बाई, स्मार्ट टीव्ही आलाय. परदेशातली मुलं करतात त्याचा व्हिडिओ लावा. छान दिसतं."

"त्या मुलांनी पाहिलं. आता आपली बघू देत."

एप्रिलातला शुक्रवार. एकीने घरून पंचा आणला, एकाने साबण. बर्फ जेटीवरून आला, मासळीच्या टोपातला, चुरा केलेला. त्यात स्पिरिटची बाटली पुरून ठेवली. हापूस चिरडायचा म्हटल्यावर मुलांनी आधी हात मागे घेतले होते. एकजण म्हणाला, "बाई, आजोबा मलाच चिरडतील." शेवटी त्याच्या बागेतले साक्याचे आंबे आले, आतून पांढरे, पिठूळ, पेटीत न जाणारे. कडेचा चांगला गर बाईंनी काढून घेतला. मीठ सानिकाने आणलं होतं, कागदाच्या पुडीत.

मुलांनी गर कुस्करला. पंच्यातून पिवळा रस थेंबथेंब काचेच्या ग्लासात उतरला.

"बाई, सुकटीचा वास येतोय."

"बर्फ जेटीवरचा आहे. येणारच."

बाईंनी ग्लास तिरका धरला आणि कडेने स्पिरिट सोडलं. पिवळ्यावर स्वच्छ पाण्यासारखा थर बसला आणि त्या दोहोंच्या मधून पांढरा ढग उठला, दाट, गुंतलेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नितेश सरांनी मोबाइल काढून फोटो घेतला, पालकांच्या ग्रुपवर टाकायला.

"हा आंब्याचा डीएनए," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

सानिका टाळ्या वाजवत नव्हती. "बाई," ती म्हणाली, "आंब्याचाच म्हणून कसा सांगायचा?"

"का गं?"

"मीठ आजीन दिलान. शुक्रवारी घरातला मीठ भायर जात नाय, लक्ष्मी जाते म्हणते. म्हणून मागल्या पडवीतल्या पिंपातला दिलान. त्यात बांगडे खारवलेले."

वर्ग हसत सुटला. "बांगडा हापूस!" "पेटीला भाव येल रे!" सानिकाचे कान लाल झाले.

"जाऊ दे ना बाई," नितेश सर हळू आवाजात म्हणाले. "कोणाला कळणार आहे? तंतू तर दिसले. फोटोही छान आलाय."

बाई ग्लासाकडे बघत राहिल्या. ढग सुंदर होता. तो ठेवला असता तर कोणी काही म्हटलं नसतं, सानिकानेही नाही. पण मग पुन्हा न पाहिलेल्या गोष्टीलाच गुण दिल्यासारखं झालं असतं.

"नितेश, फोटो टाकू नकोस," त्या म्हणाल्या. "मिठात माशाचं रक्त असणार, खवले असणार. यात कोण किती आहे, मला सांगता येत नाही." त्यांनी ग्लास मोरीत ओतला आणि घासायला घेतला. "दुसरं मीठ कोण आणतं?"

कोणी उठेना. शुक्रवार सगळ्यांच्याच घरी होता.

बाई उठून शाळेच्या खिचडीच्या खोलीत गेल्या. खिचडी शिजवणारी चिमा पातेलं घासत होती. मीठ मागितल्यावर तिने बाईंकडे बघितलं, मग पिशवीकडे, आणि पिशवी पुढे सरकवली. "घ्या. सरकारचा मीठ, त्याला कसला शुक्रवार. फक्त हातावर मागू नका, आपली भांडणं होतील." बाईंनी वाटीत मीठ घेतलं.

बाटलीच्या तळाशी थोडंसं स्पिरिट उरलं होतं. बर्फाचं पाणी होत आलं होतं. उरलेल्या आंब्यांचा गर नव्या मिठात कुस्करून धुतलेल्या पंच्यातून गाळला, तो रसही कमीच निघाला. या वेळी बाईंनी स्पिरिट सानिकाला सोडायला दिलं.

काही झालं नाही. पिवळ्यावर स्वच्छ थर, मध्ये रिकामी रेघ. घंटा झाली. बाहेर इतर वर्गांची पोरं पळाली, पण नववीतलं कोणी हललं नाही. बाईंना वाटलं, संपलं. हे इथेच राहणार, त्या सूक्ष्मदर्शकासारखं. त्यांनी तरीही ग्लासावरची नजर काढली नाही.

मग रेघ किंचित धुरकट झाली. तिच्यातून एक तंतू सुटला, सावकाश वर आला आणि स्पिरिटमध्ये तरंगत राहिला. शेजारी दुसरा. बस, तेवढेच.

सानिकाने झाडूचा हीर आत घातला आणि तंतू त्याच्याभोवती गुंडाळून वर काढला. शेंबडासारखा, ओला, पांढुरका. "शिडी नाय दिसत," ती म्हणाली.

"डोळ्यांना दिसणार नाही. अशा असंख्य शिड्यांचा हा गुंता. आणि निव्वळ तोच आहे असंही नाही, गरातला चिकटपणाही यात आला असणार."

"पण बांगडा नाय."

"बांगडा नाही."

सानिकाने हीर बाईंपुढे धरला. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि खिडकीच्या उजेडात तो तंतू हीर फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिला.

"आता पाह्यलात," सानिका म्हणाली.

"हो," तुळसाबाई म्हणाल्या. "आता पाहिला. नितेश, इकडे ये. तूही अजून पाहिलेला नाहीस."