दादाचा दाखला

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा होता आणि मी त्याची बाई होते. पंचवटीच्या बाजूला एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये मतिमंद प्रौढांची कार्यशाळा चाले. तेव्हा हाच शब्द पाटीवर होता आणि कोणाला खटकतही नव्हता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर विशेष शिक्षणाची पदविका घेऊन मी तिथे लागले, तेव्हा चोवीस वर्षांची होते. समोर सतरा जण बसलेले, बहुतेक माझ्याहून मोठे, दोघांचे तर केस पिकायला लागलेले. कोणीतरी पाकीट नीट चिकटवलं म्हणून मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "शाब्बास बाळा!" दादाने मागे वळून पाहिलं, बाळ कुठे आहे म्हणून.

घरी धाकटी भावंडं त्याला दादा म्हणत. त्या दिवसापासून मीही दादाच म्हणायला लागले.

मखमलाबादच्या पुढे त्यांचा मळा होता. वडील आणि भाऊ झेंडू-शेवंतीच्या पाट्या घेऊन सकाळी बाजारात जात, आई खुडणीला जाई, आणि दादा ओट्यावर बसे. एकतीस वर्षं तो तिथे बसलेला होता. कोणी काही विचारलं की "हो" म्हणायचा. जेवलास का? हो. जेवायचंय का? हो. घरचे त्याला गुणी म्हणत.

तीन वर्षं मी त्याच्यावर मेहनत घेतली. त्याने माझ्यावर किती घेतली त्याची नोंद कुठे नाही. पूर्ण नाव सांगायला चार महिने लागले, पत्ता सांगायला आठ. मग वार, मग नोटा आणि नाणी, मग बसची पाटी ओळखणं. "नाही" म्हणायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि ते यायला लागल्यावर त्याने पहिल्यांदा मलाच ऐकवलं. खळ लावायचं काम दिलं तर म्हणाला, "नाही. आज घड्या घालणार." मी घरी जाऊन नवऱ्याला हे इतक्या वेळा सांगितलं की तोही मला "नाही" म्हणायला लागला.

पहिल्यांदा तो एकटा बसने यायचा होता त्या दिवशी त्याला न कळता मी लुनावरून बसच्या मागे निघाले. अशा वेळी लपून लक्ष ठेवायचं असं पुस्तकात दिलेलं होतं. दादा खिडकीशी बसलेला. दोन स्टॉपनंतर त्याने मला पाहिलं, हात हलवला आणि कंडक्टरला काहीतरी सांगितलं. तो कंडक्टर नंतर मला भेटला तेव्हा हसत म्हणाला, "तुमचा माणूस म्हणत होता, आमच्या बाई मागे येतायत, त्यांना रस्ता सापडत नाही वाटतं."

बसच्या पायरीवर उभ्या असलेल्या दादाचा फोटो संस्थेच्या वार्षिक अहवालात छापला गेला. खाली लिहिलं होतं, 'स्वावलंबनाकडे'.

त्याच वर्षी आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे संस्था चालवणाऱ्या बाईंनी, सगळ्यांच्या फायली काढल्या. तपासणी येणार होती. हजेरीपटावरच्या प्रत्येकाचा सरकारी अपंगत्वाचा दाखला फायलीत हवा होता, नाहीतर नाव पटावर ठेवता येणार नव्हतं. दादाच्या फायलीत माझ्या अक्षरातली प्रगतीची पानं होती, तीस-चाळीस तरी. दाखला नव्हता. त्याच्या घरच्यांनी कधी काढलाच नव्हता.

दाखले सरकारी दवाखान्यात दर बुधवारी मिळत. आई त्याला घेऊन गेली. मी गेले नाही, कारण त्यात जाण्यासारखं काय होतं? दुसऱ्या दिवशी आई कार्यशाळेच्या दारात उभी राहिली. पदर खोचलेला, चेहरा उतरलेला.

"बाई, तुमी त्याला लयच शिकवलं."

"काय झालं?"

"डाक्टरनी नाव इचारलं. ह्यानं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं. वर पत्ता सांगितला पिनकोडासंगट. वार इचारला तर म्हणला, बुधवार, आज गोदेवर बाजार हाय. कसा आला इचारलं तर म्हणला, दोन बशी बदलून आलो, आईला मीच आणलं."

"मग?"

"मग काय! बाहेर ही रांग व्हती. डाक्टर म्हणले, ह्याला काय झालंय? कमी टक्के लिवले. दाखल्याला चाळीस लागत्यात, त्यात नाय बसत म्हणले."

दादा मागे उभा होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. त्याने मला विचारलं, "सगळं बरोबर आलं ना, बाई?"

"सगळं बरोबर आलं," मी म्हटलं.

मोठ्या बाईंनी कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. पटावरून नाव काढायचं म्हणजे दादाने पुन्हा ओट्यावर जाऊन बसायचं, यावेळी पिनकोडासकट. त्या म्हणाल्या, "फेरतपासणीचा अर्ज करा. आणि या वेळी तुम्ही जा सोबत. जरा बघा, काय करता येतं."

काय करता येतं ते मी पाहिलं. आज लिहितानाही कान गरम होतात, पण ती युक्ती माझीच होती, कोणी सुचवलेली नव्हती. चार दिवस मी दादाला समोर बसवून न सांगण्याचा सराव घेतला.

"नाव काय?"

तो नाव सांगे, खणखणीत.

"तसं नाही, दादा. तिथे सांगायचं नाही. गप्प बसायचं."

"पण मला येतं."

"येतं रे. पण तिथे नाही सांगायचं."

"का?"

तीन वर्षांत तो पहिल्यांदा 'का' म्हणाला होता. एरवी मी उड्या मारल्या असत्या, फायलीत तारीख घालून नोंद केली असती. आता म्हटलं, "ती वेगळी परीक्षा असते."

चौथ्या दिवशी तो गप्प बसायला शिकला. नाव विचारलं की ओठ मिटून माझ्याकडे बघे आणि डोळ्यांनी विचारी, बरोबर? मी मान हलवे, बरोबर. नाव सांगायला ज्याला चार महिने लागले होते, तो ते गिळायला चार दिवसांत शिकला. माझ्या शिकवण्याचा वेग वाढला होता म्हणायचा.

बुधवारी आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तेच होते, पन्नाशीचे, दमलेले. कागद चाळत त्यांनी विचारलं, "नाव काय तुझं?"

दादाने ओठ मिटले.

"नाव सांग."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. आई पदराचं टोक पिळत होती. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं, आवाज जरा मऊ करून, आणि त्या मऊ आवाजापुढे दादाचं काही चालेना.

"मला येतं," तो म्हणाला. "पण बाईंनी सांगितलंय, सांगायचं नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई म्हणजे कोण? तुम्ही?"

"हो."

"काय करता?"

"शिकवते," मी म्हटलं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दादाला आईबरोबर बाहेर बसायला सांगितलं, मला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "त्याला काय येतं ते मागच्या वेळी ऐकलं मी. आता काय येत नाही ते सांगा."

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. माझ्या चाळीस पानांत त्याची एक ओळ नव्हती. मी सांगायला लागले. बसचा रस्ता बदलला तर तो उतरत नाही, डेपोपर्यंत बसून राहतो, दोनदा झालंय. एका अनोळखी माणसाने घड्याळ मागितलं तर काढून दिलं आणि वर "येतो" म्हणाला. एकदा सुट्टी होती, निरोप पोचला नाही, तर बंद फाटकापुढे एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत उभा राहिला, कारण घरी जा असं कोणी म्हटलं नव्हतं. दुखलं तर सांगत नाही; दाढ सुजून गाल वर आला तेव्हा आम्हाला कळलं. आई गेल्यावर त्याचं कसं होईल हे त्याच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

बोलता बोलता मला रडू यायला लागलं. दादाची चहाडी करतेय असं वाटत होतं, आणि तो दाराबाहेर बाकावर पाय जुळवून बसलेला मला दिसत होता.

"हे आधीच लिहून आणायचं," डॉक्टर म्हणाले. "मागच्या वेळी मीही घाई केली. रांग बघितलीत ना." मग त्यांनी दादाला मानसशास्त्रज्ञांकडे नीट चाचणीसाठी पाठवलं. दोन सकाळी ती चालली. दादाने येतं तेवढं सगळं खरं सांगितलं, आणि तेवढं पुरलं. पुढच्या बुधवारी दाखला मिळाला, फोटो आणि गोल शिक्क्यासकट.

दादाने आईला विचारलं, "पास?"

"पास," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला. सगळ्यांना एकेक पेढा दिला, तपासणीच्या तयारीत बुडालेल्या मोठ्या बाईंनाही. त्यांनी कशाचे म्हणून विचारलं. "पास झालो," दादा म्हणाला. त्या म्हणाल्या, "अभिनंदन." मीही पेढा खाल्ला.

पण त्यानंतर एक नवीनच झालं. मी काहीही विचारलं की दादा आधी विचारी, "सांगायचं की नाही?" आज काय वार, दादा? सांगायचं की नाही? डबा खाल्लास का? सांगायचं की नाही? बाकीचे हसत. दोघातिघांनी तर त्याची नक्कल सुरू केली, आणि आठवडाभरात माझ्या वर्गात साधं "भूक लागली का?" विचारायचीही सोय उरली नाही.

महिनाभर असं चाललं. शेवटी एका सकाळी खुर्ची ओढून मी त्याच्यासमोर बसले. "दादा, मी चुकले," म्हटलं. "मी तुला गप्प बस म्हणाले ते चूक होतं. कोणी विचारलं तर येतं ते सांगायचं. नाही सांगावंसं वाटलं तर नाही म्हणायचं. मला विचारायचं नाही."

त्याने पाकिटाची घडी नखाने दाबून पक्की केली, मग दुसरं घेतलं.

"बरं," तो म्हणाला. "रडू नका."

मी रडत नव्हते. निदान मला तसं वाटत होतं.

दादा तिथे आणखी नऊ वर्षं होता. मी प्रत्येकाच्या फायलीत एक वेगळं पान सुरू केलं, कुणाला कशात सोबत लागते त्याचं. मोठ्या बाईंना ते पान फारसं आवडलं नाही. अहवालात ते कधी छापलं गेलं नाही. पुढे वडील थकल्यावर भावाने दादाला बाजारात गाळ्यावर बसवलं. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तिथे फुलं घ्यायला गेले होते. गर्दी होती. भाऊ तोलून पिशव्या भरत होता, दादा त्या गिऱ्हाइकांच्या हातात देत होता. माझी पिशवी त्याने उघडून पाहिली, तळाचे दोन दबलेले झेंडू काढले, ताजे घातले आणि भावाला म्हणाला, "ह्या आमच्या बाई. ह्यांना नीट द्यायचं."