कडुनिंबाला लटकलेला हेडक्लार्क

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागं एकदा हे सांगताना आमच्या साडूला ठसका लागला, कप फुटला, आणि त्याचंही खापर माझ्यावरच. तसंही माझ्या हातून जी माती झालीय ना, तिच्यापुढं एक कप म्हणजे काहीच नाही.

मी एका कॉलेजात हेडक्लार्क. वय बावन्न, गुडघे त्याहून मोठे. दोन वर्षांपूर्वी मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागला. नाद म्हणजे काय, माझ्या फोटोत पक्षी नसायचाच, फक्त त्याची शेपूट असायची. ग्रुपवर फोटो टाकला की लोक अदबीनं विचारायचे, "सर, यात पक्षी कुठंय?"

अशी दोन वर्षं काढा म्हणजे कळेल.

तर कन्नडच्या अलीकडं एका शेताच्या बांधावर जुना वड आहे, आणि त्याच्या ढोलीत राखी धनेशाचं घरटं आहे, अशी मला खबर लागली. या पक्ष्याची गंमत माहिताय का? मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते, चोचीएवढी फट ठेवते, आणि नर बिचारा बाहेरून उंबरं आणून भरवतो. मी जाऊन बघून आलो. खालून काहीच दिसत नव्हतं. पण समोरच एक कडुनिंब होता, उंच. त्याच्यावर बसलं की ढोली थेट डोळ्यांपुढं.

आता बावन्न वर्षांचा हेडक्लार्क झाडावर बसणार कसा? मी मोबाईलला विचारलं. इथंच चुकलं.

मोबाईलनं मला अमेरिकेत नेलं. तिकडं शिकारी लोक हरणाची वाट बघत झाडावर बसतात. कमरेखाली रुंद पट्टा, तो दोरीनं झाडाला बांधलेला, आणि गडी मागं रेलून असा बसलेला, जसा काही सोफ्यावर. त्याला म्हणे झाडाचं खोगीर म्हणतात. आपल्याकडं शिकार हा गुन्हा, आणि मला कुठं शिकार करायची होती? मला शेपटीऐवजी एकदा चोच पाहिजे होती, बस.

तीन आठवडे मी दुसरं काही बघितलं नाही. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता. तो सांगायचा, आधी जमिनीपासून वीतभर उंचीवर लटकून सराव करा, मांडीचे पट्टे कधी सोडू नका, कुठं चाललात ते घरी सांगून जा, मोबाईल हाताशी ठेवा. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ. मी पाचव्या मिनिटाला बंद केला. लई कुरकुर करत होता हो!

दुसरा एक तरणा गडी होता, बनियनवर अस्वल. त्याचं सगळं चार मिनिटांत. मांडीचे पट्टे? कापून टाका, नुसती अडचण. अंगाला साबण लावू नका, जनावराला वास जातो. अंगाला माती चोळा. गाडी लपवून ठेवा. जागा कोणालाच सांगू नका, बायकोला तर अजिबात नाही. त्याच्याखाली लाइकचा नुसता खच! मी पडलो लोकशाही मानणारा माणूस. गेलो बहुमताकडं.

खोगीर इथं कुठं मिळेना, म्हणून शहागंजात मुश्ताकभाईकडं गेलो. ते रिक्षाच्या सीटा शिवतात. मी मोबाईलवर चित्र दाखवलं.

"इसपे बैठेंगा कौन, साहब?"

"मैं."

"किदर?"

"झाडपे."

मुश्ताकभाईनं तोंडातली सुपारी चघळायची थांबवली. "देखो साहब, मैं रिक्षाके सीटां सीतूं. सीटपे आदमी बैठता. सीटसे आदमी लटकता नै. नक्को करो ये काम."

पण मी ऐकतोय होय? गाडीच्या सीटबेल्टचा पट्टा आणून दिला, शिवून घेतला. मांडीचे पट्टे त्यांनी स्वतःहून लावले होते, मजबूत. ते मी घरी येऊन कात्रीनं कापले. माझ्या हातानं!

मग दोन दिवस अंघोळ बंद. पक्ष्याला वासाशी काय देणंघेणं, हा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. पडला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको, वंदना, नाकाला पदर लावून म्हणाली, "अहो, अंघोळ करा, नाहीतर उद्यापासून घरात पाय ठेवू नका!"

मी गूढ हसलो आणि पहाटे न सांगता निघालो.

मोटारसायकल पुलाजवळ घाणेरीच्या झुडपात लपवली. शर्टाला माती चोळली. कॅमेरा आणि मोबाईल डिक्कीतच ठेवला, कारण त्या दाढीवाल्यानं पहिल्या पाच मिनिटांत हेही सांगितलं होतं, पहिल्यांदा रिकाम्या हातानं चढा, सामान नंतर दोरीनं ओढून घ्या. बघा, बरोबर सल्ला मी एवढा एकच मानला. आणि पुढं त्यानंच माझा घात केला.

बुंध्याला दोरीनं लाकडी ठोकळे बांधत बांधत दोन पुरुष उंचीवर गेलो. वर दोरी आवळली, खोगिरात रेललो. काय सांगू! एक मिनिट, फक्त एक मिनिट, मी राजा होतो. ढोली समोर. वारा छान. मी सुखानं अजून थोडा मागं रेललो.

पायाखालचा ठोकळा सटकला.

मी हातभर खाली आलो. पट्टा मांडीला धरायला काही नव्हतंच, तो कमरेवरून सर्रकन वर चढला आणि बगलेत येऊन अडकला. दोन्ही हात वर, मान खांद्यांत, पाय हवेत, खालच्या ठोकळ्यापर्यंत पोचेनात. वरची गाठ अशी, की वजन पडलं की आवळते. सैल करायची तर वजन काढायला पाहिजे. वजन काढायचं तर पाय टेकायला पाहिजेत. आमच्या ऑफिसात होतं ना, दाखला मिळायला अर्ज मंजूर पाहिजे, अर्ज मंजूर व्हायला दाखला पाहिजे, अगदी तसं. आयुष्यभर लोकांना मी हेच सांगत आलो होतो. आता माझा नंबर होता.

तेवढ्यात नर आला. ढोलीशी बसला, फटीतून एकेक उंबर आत दिलं, आणि मान वाकडी करून माझ्याकडं निवांत बघितलं. चोच, डोळा, पापणीसुद्धा! जन्मात पहिल्यांदा मला पक्षी एवढा स्वच्छ दिसत होता, आणि कॅमेरा झुडपात.

आधी हसू आलं. मग पायांना मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या, पाय आहेत की नाहीत तेच कळेना. श्वास अर्धा जायचा, अर्धा परत यायचा. ओरडायला गेलो तर नुसतं "हंऽ" निघालं. आणि तेव्हा मला घाम फुटला. मी कुठं आहे हे जगात एकाही माणसाला माहीत नव्हतं. मी स्वतः तशी व्यवस्था केली होती. वंदना दुपारपर्यंत समजणार, रुसून कॉलेजात गेला. कॉलेज समजणार, रजेवर आहे. खरं सांगतो, तिथं माझी सगळी हौस विझली. एवढं मूर्खासारखं मरण आपल्या वाट्याला यावं, आणि तेही एका शेपटीपायी?

किती वेळ गेला माहीत नाही. शेरडांचे आवाज आले. एक बाई शेरडं घेऊन बांधावरून येत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि जी किंकाळी फोडली!

"आवो धावा! मानसानं फास घेतला वोऽऽ!"

त्या गयाबाई. शेरडं सोडून धावत आल्या, उरलेल्या ठोकळ्यांवर चढल्या, माझे दोन्ही पाय छातीशी धरले आणि वर उचलून धरले. पासष्टीची बाई! "सोडायची नाय मी तुला," त्या म्हणत होत्या. "माझा धाकला दीर असाच गेला. म्या त्या दिवशी दळाण आनाया गेलते. आज नाय सोडायची."

आता सांगा, अशा बाईला मी कुठल्या तोंडानं सांगू की बाई, मी पक्ष्याचा फोटो काढतोय?

शेताचे मालक कडुबा ट्रॅक्टर घेऊन आले. मागं पाच-सात माणसं. ट्रॉलीत कडबा होता, ती ट्रॉली माझ्याखाली लावली. कडुबा ट्रॉलीवर चढले, विळा काढला आणि दोरीला हात घातला. मला वाटलं, आता मी मानेवर पडणार. सगळा जीव एकवटून बोललो, "नको! कापू नका!"

"बघा, आजून हट्ट सोडंना!" खालून कोणीतरी हळहळलं.

"सायेब," कडुबा एकदम मऊ झाले, "आसं करू नाय. काय आसंल त्ये बोलून मोकळं व्हा. बायकूनं काय म्हनलं का?"

"फोटो... पक्षी..." मी कसाबसा बोललो.

"व्हय व्हय. उडून गेलं का कोन?"

दोघांनी मला खालून उचलून धरलं, तिसऱ्यानं दोरी कापली. मी कडब्यात पडलो. पाय भुसा भरल्यासारखे. श्वास आल्यावर मी सगळं खरं खरं सांगितलं. खोगीर, अमेरिका, धनेश, सगळं. ते माझ्याकडं असे बघत होते जसं तापातल्या माणसाकडं बघतात.

"कॅमेरा कुठाय?" कडुबानं विचारलं.

"झुडपात. लपवलेल्या गाडीत."

दोघं जाऊन बघून आले. "हाय. मोबाईल, कॅमेरा, चाव्या, समदं नीट रचून ठिवलंय."

"म्हंजी ठरवूनच आल्ता," कडुबा म्हणाले, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

गयाबाईंनी माझ्या शर्टाची माती झटकली, जवळून वास घेतला, आणि त्यांचे डोळे भरले. "आंगुळ बी केली नाय गं बाई लेकरानं. मन उडालं की तसंच व्हतं."

एकेक पुरावा असा बिनतोड! आमच्या ऑफिसात कुठल्या चौकशीला इतके भक्कम कागद जोडलेले मी बघितले नाहीत. मग कडुबांनी माझ्या मोबाईलवरून वंदनाला फोन लावला. "ताई, घाबरू नगा, वाचलं मानूस. पन घरातलं भांडान मिटवा." तिचं रडणं मला कडब्यात पडल्या पडल्या ऐकू आलं. "अहो, मी काय म्हणाले हो? अंघोळ करा एवढंच म्हणाले ना!"

गयाबाईंच्या घरी पिठलं-भाकरी खाऊ घातल्याशिवाय कोणी मला सोडलं नाही. गयाबाई समोर बसून घासागणिक बघत होत्या. मी पुन्हा एकदा तोंड उघडलं. "बाई, खरं म्हणजे..." त्या इतक्या समाधानानं बघत होत्या की घास गिळला आणि गप्प बसलो. ती माझी सगळ्यात मोठी चूक.

कडुबा जीपनं घरी सोडून गेल्यावर वंदनाला मात्र सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. मग म्हणाली, "त्यापेक्षा ते म्हणतात तेच खरं असतं तर मी चारचौघांत सांगू तरी शकले असते!"

आता पुढचं ऐका. त्या दिवसापासून कडुबांचा दर रविवारी सकाळी फोन. "सायेब, बरं हाय ना मनाला?" पहिले दोन रविवार मी खुलासा केला. तिसऱ्या रविवारी म्हटलं, जाऊ द्या, "बरंय." मग ते पावसापाण्याचं सांगायचे, गयाबाईंच्या शेरडांचं सांगायचे. खोटं कशाला बोलू? मला आवडायला लागलं. घरात, कॉलेजात, ग्रुपवर, मनाला बरं आहे का असं कोण विचारतं हो? मी रविवारची वाट बघायला लागलो.

गेल्या रविवारी फोन आला नाही. नऊ वाजले, दहा वाजले. मला काही सुधरेना. शेवटी मीच लावला.

"कडुबा, आज फोन नाही केला? म्हटलं, मन लागंना."

पलीकडं फोन तोंडापासून लांब धरून त्यांनी मारलेली हाक मला स्पष्ट ऐकू आली. "गयाबाई, चला! आरं, जीप काढा! सायेबाचं पुन्हा बिघाडलं!"

दीड तासात आमच्या सिडकोतल्या दारात जीप. अकरा माणसं. सगळी सोसायटी गॅलरीत. गयाबाईंनी मला बाजूला सारलं, वंदनाला जवळ घेतलं, आणि कडुबा कोणाला काही न विचारता थेट आत गेले. पहिलं काम काय केलं असेल त्यांनी?

गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी सोडून घेतली आणि गुंडाळून खिशात घातली. आता आमच्याकडं धुणं खुर्च्यांवर वाळतं, आणि वंदना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "दोरी नाही हो घरात. ह्यांच्यामुळं."