बिबीखाला गोड बोलली तेव्हा

ज्या बाईनं दारात उभं करून तुम्हाला झापलं, तिच्याकडनंच तुम्ही वर्षाचं तिखट कधी विकत घेतलंय का? घेतलं नसेल तर कसबा बावड्यात बिबीखालाच्या दारात तुम्ही कधी गेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बिबीजान नदाफ. कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याची शेड, शेडमध्ये मिरची कुटायचा डंक आणि त्या डंकाच्या दणदणाटावरनं ऐकू येणारा खालाचा आवाज. आमच्याकडं चटणी म्हणजे ताटाच्या कडेला वाढायची ती नव्हे. कांदा, लसूण, खोबरं, मसाला घालून उन्हाळ्यात एकदा कुटायची आणि वर्षभर कालवणाला घालायची ती. कोल्हापुरात लोक सोयरीक एकवेळ घाईत जमवतील, चटणी घाईत करणार नाहीत.

गिऱ्हाईक आलं की खाला आधी भाव सांगत नाही, हजेरी घेते.

"घरात खाणारी तोंडं किती? पित्त कुणाला हाय? सासूला दात हाईत का गेलं?"

एकदा बँकेतले एक साहेब गाडीतनं उतरले. "एक किलो द्या, एकदम झणझणीत," म्हणाले.

"बायकोला इचारलंय?"

"तिला कशाला विचारायचं?"

"मग जावा, इचारून या. चुलीम्होरं ती खोकणार, आन् झणझणीत तुमाला व्हय?"

साहेब गेले आणि बायकोला घेऊनच परत आले. बाई तेव्हापासून दरसाल चटणी नेतात, आणि साहेबांनी खाल्लेली बोलणी आठवून खूश होऊन नेतात. मी फेरीवाल्यांची संघटना चालवतो, भल्याभल्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर हात आपटलाय. पण खालाच्या हजेरीला मीही खाली मान घालून उत्तरं देतो. कारण ती उगीच विचारत नाही. प्रत्येक घराचं कूट ती वेगळं करते. कुणाला रंगाची ब्याडगी मिरची जास्त, कुणाला जहाल लवंगी कमी.

खालाची सून शिफा बी.कॉम. झालेली, डोक्यानं तल्लख. तिनं फोनवरच्या 'चूलचव' नावाच्या दुकानात सासूची चटणी चढवली. बघता बघता इचलकरंजीच्या यंत्रमागावरची परमुलखातली पोरंसुद्धा डब्याला चटणी मागवू लागली. घोटाळा एकच होता. खाला मिरचीच्या हातानं फोन उचलायची, तोच हात डोळ्याला लागायचा, आणि मग पलीकडच्या गिऱ्हाइकाला जे ऐकू जायचं ते शिफाला निस्तरावं लागायचं.

दुकानवाल्यांनी त्यावर दोन औषधं पाठवली. एक 'सखी'. ही बाई नव्हे, कृत्रिम बुद्धी. खालाच्या नावानं, खालाचा फोटो लावून गिऱ्हाइकांना आपोआप उत्तरं देणारी. दुसरा, फोनशी जोडलेला वजनकाटा. त्यावर डबा ठेवायचा, किती चटणी उरली ते काटा परस्पर दुकानाला कळवणार आणि सखी तेवढीच विकणार.

"माझ्या डब्यात किती हाय ते मला ठावं हाय," खाला म्हणाली. "ह्यो काटा चुगली कुणाला सांगतोय?"

"दुकानाला, अम्मी."

"दुकान तर आपलंच हाय न्हवं?"

मोठमोठ्या सभांत मी भाषणं ऐकली, हा प्रश्न कुणी इतका सरळ टाकलेला ऐकला नाही. खालानं डबा उचलून फळीवर ठेवला. रिकामा काटा कोपऱ्यात दिवा लावून तसाच बसला.

आता आक्काताई. जयसिंगपूरच्या. खालाचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, आणि सर्वांत मोठंही, कारण दर उन्हाळ्यात त्या सगळ्या गल्लीची चटणी एकदम नेतात. ती गल्ली गेली तर खालाचा निम्मा हंगाम गेला. यंदा गुडघे धरले म्हणून आक्काताईंनी यायचं सोडून फोनवर लिहिलं, 'बिबे, मागल्या सालची चटणी मवाळ लागली.'

उत्तर आलं, 'आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

बिबी आणि माफी मागणार? आक्काताईंनी पारख करायला लिहिलं, 'चार किलो जादा दे. फुकट.'

'नक्कीच! आपल्यासारख्या खास ग्राहकांसाठी खास भेट.'

मग शंकाच उरली नाही. त्यांनी मला फोन लावला. मी सांगोल्याला मोर्चात होतो. "कृष्णात, बिबी गेली, आन् तू साधं कळवलं न्हाईस?" मी हबकलो. खालाला लिहिलं, 'बऱ्या हाय न्हवं?' उत्तर आलं, 'मी उत्तम आहे! आपण कसे आहात?' खालानं मला जन्मात 'आपण' म्हटलेलं नाही. मी मोर्चा तिथंच सोडून एस्टी धरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बावड्यात खालाच्या रस्त्याच्या तोंडाशीच भेटलो. आक्काताई, त्यांचा भाऊ धोंडीराम आणि धोंडीरामाच्या हातात फडक्यात बांधलेलं पिठलं-भाकरी. ज्या घरात माणूस गेलं तिथं चूल पेटत नाही, सोयऱ्याधायऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची, ही आमची रीत. आक्काताईंनी कोपऱ्यापासूनच गळा काढला. "बिबे गं, मला न सांगता गेलीस गं..."

शेडमध्ये डंक चालू होता. खाला नाकाला पदर लावून मिरचीची देठं खुडत होती. तिनं मान वर केली.

"कोण मेलंय गं?"

आक्काताईंनी रडं थांबवून तिच्याकडं बोट केलं. "तू."

"कवा?"

"मंगळवारी. तू माझी माफी मागितलीस."

खालानं डंक बंद केला. तो बंद झाला की बावड्यात काहीतरी घडलंय हे शेजाऱ्यांना कळतं, त्यामुळं तेही जमले. शिफानं फोनवरचं सगळं वाचून दाखवलं. माफीपाशी खाला थांबली नाही, आधी मवाळवर आली.

"मवाळ? मागल्या साली तुझ्या सुनंला दिवस गेलतं म्हणून लवंगी मीच कमी घातली. तोंडावर सांगितलंतं. तवा कान कुठं ठेवलंतंस, एस्टीत?"

आक्काताईंनी डोळे पुसले. "व्हय की. हीच बिबी." मग लगेच व्यवहारावर आल्या. "पर चार किलो फुकट दे. कबूल केलंयस."

"कुठली देऊ? परवाच संपली. आज नवीन कुटतीया."

"अम्मी," शिफा फोन बघत हळूच म्हणाली, "दुकानात चार किलोच्या वर साठा दिसतोय."

आम्ही सगळ्यांनी कोपऱ्यात बघितलं. काट्याच्या उबेला घरचा बोका गोल होऊन झोपला होता. माणसं जमलेली बघून तो उठला, खाली उतरून त्यानं आळस दिला. शिफाच्या फोनवर साठा शून्य. तो परत वर चढून बसला. साठा भरला.

धोंडीराम तेवढ्यापुरतंच बोलला. "आक्के, तुला बोका फुकट मिळालाय."

हसून झाल्यावर आक्काताई मुद्द्याला आल्या. "बिबे, ह्या गुळमाट बाईच्या तोंडनं बोलणार असशील तर आमची गल्ली यंदा दुसरीकडं जाईल. तुझी चटणी तुझ्या तोंडाबिगर कशी खायची?"

शिफानं तिथंच बसून सखीला खालाची भाषा शिकवायचा प्रयत्न केला. दुकानानं ती नाकारली. भाषा ग्राहकस्नेही नाही, म्हणे. सखी बंद केली तर तुमचा माल यादीत खाली जाईल, हेही कळवलं. मी उठून त्यांना फोनवर धरणार होतो. खालानं मला बसवलं. "तू बस. तू वरडलास की तेबी आभार मानत्यात."

मला राग मशीन बोलतं याचा नाही. ते सगळ्यांच्या तोंडात एकच जीभ बसवतं, याचा आहे. कुणालाच न दुखावणाऱ्या माणसाकडनं आम्ही कोथिंबीरसुद्धा घेत नाही.

"नवी गिऱ्हाइकं तुटतील, अम्मी," शिफा म्हणाली.

"आन् जुनी तुटली तर?"

शिफानं सखी बंद केली. मग स्वतःच्याच डोक्यानं खालाची हजेरी तिच्याच आवाजात भरून घेतली आणि दुकानात लावली. आता चटणी मागवायला गेलं की आधी खाला दातांचं विचारते. काटा उरला, तो बोक्याला दिला. त्याचा फोनशी संबंध तोडलाय.

आक्काताईंच्या गल्लीची चटणी त्याच दिवशी ठरली. पिठलं-भाकरी आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली. स्वतःच्या मयताचं जेवताना खाला म्हणाली, पिठल्यात लसूण कमी पडलाय.

दुकानानं बोलल्याप्रमाणं तिला यादीत पार तळाला टाकलंय. म्हणून माझी तुम्हाला एकच विनंती. फोनवरच्या त्या यादीत अंगठा दुखेपर्यंत खाली जा, खालाला शोधा आणि तिच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या, पित्त लपवू नका. आणि उत्तरात कधी 'मनःपूर्वक आभार' आलं, तर जिथं असाल तिथनं पिठलं-भाकरी घेऊन बावड्याला या. लसूण जरा जास्त घाला.