शॅम्पूच्या वासाचे ड्रम

भिवंडीजवळच्या वडपे गावातल्या एका केमिकल गोडाऊनच्या मॅनेजरने मला फसवलं. नाव लिहीत नाही, कारण वकील नको म्हणतो. पण फसवलं, आणि तेही माझ्याच धंद्यात.

माझा धंदा जुन्या ड्रमचा. गोडाऊनमधले रिकामे ड्रम घ्यायचे, धुवायचे, विकायचे. भिवंडीत निळा ड्रम कुठे नाही? कापडाच्या लूमवर, चाळीत, हॉटेलात, लग्नघरात पाणी त्यातच भरतात. नवा परवडत नाही, म्हणून लोक माझ्याकडे येतात. आमचे लूम भंगारात गेले, तेव्हा मी धामणकर नाक्याजवळ एका ड्रमवाल्याकडे ड्रम धुवायला लागले. आज शेलार गावात माझं स्वतःचं यार्ड आहे. हे कोणी मला दिलेलं नाही.

आमच्याकडे ड्रमच्या दोन जाती. साबण-शॅम्पूचा तो पाण्याचा ड्रम. धुतला की घरात चालतो. कीटकनाशकाचा, रंगाचा, ॲसिडचा तो कटिंगचा. तो चिरून प्लास्टिक वितळवणाऱ्याकडे जातो. पाण्याच्या ड्रमला भाव चांगला. लेबल मात्र कुठल्याच ड्रमवर नसतं. गोडाऊनवाले ते ब्लेडने खरवडूनच माल देतात, अशी रीतच पडली आहे. मग ओळखायचं कसं? तांब्याभर पाणी टाकायचं, झाकण लावायचं, ड्रम लोळवायचा. फेस आला, सुगंध आला, की पाण्याचा.

त्या दिवशी मॅनेजर म्हणाला, "आपा, शॅम्पू का माल है. एकदम ए-वन."

मी लोळवला. फेस झाकणातून बाहेर.

"इतना झाग? कंपनी ड्रम खाली करती है या आधा छोड़ती है?"

"बड़ी कंपनी है आपा, दिल भी बड़ा है."

हा माणूस एरवी फुटक्या झाकणासाठीही भांडतो. त्या दिवशी मी भाव पाडला आणि तो हसत तयार झाला. मला वाटलं, मी जिंकले.

त्यातले दोन ड्रम टेम्पोतूनच परस्पर गनाकाकांकडे गेले. शेलारचे शेतकरी, यार्डाशेजारी त्यांचं घर. मुलीची हळद होती. आमच्याकडे हळदीला अख्खं गाव जेवतं, पाणी भरपूर लागतं. माझ्याकडे कामाला असलेल्या पोरींनी ड्रम तिथेच धुऊन दिले. बाकीचे झाकणं लावून यार्डात उन्हात उभे राहिले.

दुपारी एक झाकण मी उघडलं आणि मागे सरले. डोळ्यांत पाणी, डोकं गच्च. शॅम्पूचा वास वरवरचा. खालून काहीतरी तिखट, कडवट येत होतं. बोटाला फडकं गुंडाळून आतून घासलं. शॅम्पूचा थर निघाला, त्याखाली पिवळट चिकटा. कोणीतरी मुद्दाम मगाने शॅम्पू ओतून ड्रम घोळवले होते. ड्रम ओळखायची माझी रीत गोडाऊनवाल्यांना माहीत होती.

तशीच काकांच्या घराकडे धावले. मांडवात डीजेवाला साऊंड तपासत होता, आचारी तांदूळ धूत होता. मी सरळ खांदा लावून दोन्ही ड्रम आडवे केले. मांडवात पूर.

गनाकाका धावत आले. "आगो, येडी झालीस का? पाव्हनं येतान न् तू मांडवान पानी वततंस?"

"कोणी प्यायलं का हे?"

"कोन न्हाय. जेवनाला ठेवलाय. का?"

"तो तांदूळ पण फेका."

"सगला?"

"सगळा. नवीन मी आणते."

काकांनी वाकून ड्रमात नाक घातलं आणि झटक्यात वर काढलं. मग हळू आवाजात विचारलं, "काय व्हता गो त्यान?"

मी ड्रमचं झाकण उचललं.

तोच प्रश्न घेऊन मी वडप्याला गेले. सोबत आणलेलं झाकण मॅनेजरच्या टेबलावर आपटलं. "क्या था इसमें?"

"आपा, पूरी भिवंडी तुम्हारी नाक को मानती है. नाक ने पास किया, मैं क्या बोलूँ?"

"क्या था?"

"हमको भी नहीं बताते. हम तो सिर्फ रखते हैं."

मग प्रदूषणाचं काम बघणारं सरकारी ऑफिस गाठलं. साहेब सभ्य होते, चहा दिला. म्हणाले, "असे ड्रम लायसन्सवाल्यालाच द्यायचा नियम आहे."

"त्याने मला दिले. पकडा त्याला."

"त्यांच्या कागदांवर ते लायसन्सवाल्याकडेच गेलेत."

"मग माझ्या यार्डात उभी आहेत ती काय, भुतं?"

"मॅडम, तुमच्याकडे लायसन्स आहे?"

म्हणजे तक्रार केली तर पहिली केस माझ्यावर. मी म्हटलं, करा केस. पण एक ड्रम तपासा आणि आत काय होतं ते सांगा. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. सॅम्पल त्यांच्याच माणसाने जागेवर येऊन घ्यावं लागतं. माणूस एकच, आणि तो जिल्हाभर फिरतो.

हळद छान झाली. पाहुण्यांना जेवायला उशीर झाला एवढंच. काका आता मला पाहिलं की ओरडतात, "पानी संभाला रं, आपा आली!" ते ड्रम अजून यार्डाच्या कोपऱ्यात आहेत. लाल फुल्या मारल्यात, भोवती तार ओढली आहे. नवीन माल मी झाकण लावून दिवसभर उन्हात ठेवते, मगच हुंगते. विकणारा भावाला पटकन तयार झाला, तर घेतच नाही.

सॅम्पलवाला अजून आलेला नाही. साहेब, दंड लावा, मी भरते. लायसन्ससाठी रांगेतही उभी राहते. पण ज्याने लेबल खरवडलं, ज्याने शॅम्पू ओतला आणि ज्याने न बघता कागदावर सही केली, त्या तिघांना शेलारला गनाकाकांच्या ओटीवर आणून बसवा. काकांचा प्रश्न साधा आहे. त्या ड्रमात काय होतं? उत्तर द्या.