घरी काय म्हणतात?

आदिलाबादजवळच्या बेला गावच्या जयवंताबाईला कोणी भिडस्त म्हटलं नसतं. कापसाच्या वजनात काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याला ती भर बाजारात हिंदीतून झापायची. पण नवऱ्याचं नाव? ते तिने जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यातून. एरवी आपलं 'शीतलचे बाबा'. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूने बजावलं होतं.

शीतलचे बाबा आखातात बांधकामावर गेले आणि दीड वर्षाने त्यांचा फोन लागेनासा झाला. कोणीतरी तिला आदिलाबादच्या देवानंदकडे धाडलं. हा तिकडे राबून, हात पोळून परतलेला माणूस. आता झेरॉक्सच्या दुकानात मोबाईल पुढ्यात ठेवून दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीला, तो इंटरनेटवर रेडिओ चालवतो. कोणता व्हिसा खोटा, मालकाने पासपोर्ट दाबला तर कुठे जायचं, कोण बेपत्ता आहे, सगळं सांगतो. मजुरांच्या खोल्याखोल्यांत तो ऐकतात.

त्याने पासपोर्टच्या झेरॉक्सवरून नाव वाचलं, उद्धव. मग जयवंताबाई बोलली, "शीतलचे बाबा, कुठं हा तुमी? फोन करा." दर शुक्रवारी बस धरून ती येई आणि हेच बोले. असे पाच महिने गेले.

एकदा कार्यक्रम चालू असतानाच देवानंदने सहज विचारलं, "वहिनी, गावात त्यायले उद्धवच म्हनतात का?"

म्हणत नव्हते. उद्धव फक्त कागदावर होता. सरळ नाव जयवंताबाईच्या जिभेवर येईना, तेव्हा तिने लग्नातलाच उखाणा म्हटला.

"पऱ्हाटीच्या शेतात पांढरं फुललं बोंड, चंपतरावांचं नाव घेते, गोड करा तोंड."

अर्ध्या तासात आखातातून फोन आला. निजामाबादकडचा मजूर होता. चंपत त्यांच्याच खोलीत राहायला आला होता. मालकाच्या तावडीतून पळाला तेव्हा पासपोर्ट, मोबाईल तिथेच राहिले, आणि आठच दिवसांत तो कामावर उंचावरून पडून बेशुद्ध झाला. पाच महिने हे लोक आळीपाळीने दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसले. चंपत आदिलाबादवाला, एवढंच त्यांना ठाऊक. अकरा दिवसांपूर्वी तो गेला.

"बहनजी, हम हर जुम्मे को आपकी आवाज सुनते थे," तो म्हणाला. "सोचते थे, पता नहीं किसका उद्धव है बेचारा."

शवपेटी आली, तिच्यावरही उद्धवच लिहिलेलं होतं. देवानंदने स्वतःला दोष दिला, आधी का नाही विचारलं म्हणून. जयवंताबाईने मात्र सगळा बोल स्वतःकडे घेतला, आणि तो काढून घेणं कोणाच्या हातात नव्हतं. दुःख असं की, ज्याच्या भीतीने तिने नाव घेतलं नाही, तेच झालं.

अजूनही शुक्रवारी ती दुकानात येते. कोणाचा नवरा हरवला की ती बाई पासपोर्टचा कागद पुढे करते. जयवंताबाई तो बाजूला सारते आणि घरी काय म्हणतात ते विचारते. बाई पदर तोंडाशी नेते. जयवंताबाई तिच्यापुढे मोबाईल सरकवते.

"माह्या धन्याचं नाव चंपत," ती म्हणते. "मी उशिरा घेतलं. तू आताच घे."